हाताची विद्या आणि पाटीचा हिशेब

(नागपुरातील नंदनवन येथे हस्तकलेचे वर्ग सुरू झाले, त्या प्रसंगी एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



आजपासून येथे तीन वर्ग सुरू होत आहेत. एकात दोन सुयांवर लोकरीचे विणकाम शिकवतील, दुसऱ्यात लोकर भिजवून व घोटून तिचे जाड कापड करण्यास शिकवतील, आणि तिसऱ्यात जाळीच्या चौकटीने कापडावर छाप उठवण्यास शिकवतील. ह्या कामांतला मी वस्ताद नव्हे. मी खेड्यातला मास्तर. माझा धंदा पाटी-पेन्सिलीचा. तरी चालकांनी मला बोलावले, त्यास कारण आहे. मुलांची नावे घालण्यास आलेल्या आईबापांनी त्यांना दोन प्रश्न विचारले. पहिला असा, की पोराला शाळा शिकवली ती पुन्हा हातकाम करण्यासाठी काय? दुसरा असा, की ह्यात पैसा किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याच्या घरात चूल कष्टाने पेटते त्याने हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्यांची उत्तरे मला सुचतात तशी मी देतो.

पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी आपल्या लोकांचा जुना अपमान आहे. आपल्याकडे एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे : उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. शेतकऱ्यास मान दिला, व्यापाऱ्यास जागा दिली, चाकराचेही नाव घेतले. पण ह्या म्हणीत कारागीर कोठे आहे? ज्याने शेतकऱ्याचा नांगर केला तो सुतार, ज्याने फाळ केला तो लोहार, ज्याने व्यापाऱ्यास विकण्यास कापड दिले तो कोष्टी, ह्यांपैकी कोणाचेच नाव त्यात नाही. कारागिराची विद्या पोथीत लिहिलेली नाही म्हणून ती विद्याच नव्हे, असे ज्यांनी ठरवले, त्यांच्या अंगावरचे धोतर कोणी विणले होते? पोथी ठेवण्याचा चौरंग कोणी केला होता? हा विचार त्यांनी केला नाही, आणि पुढे पुढे आपणही केला नाही. हातकाम हलके, असे आपल्या मुलांच्या मनात आपणच भरवले.

महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात शाळामास्तर कसा असावा हे सांगितले आहे. तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास लाजणारा नसावा, असा त्यांचा आशय आहे. ह्यात मोठी गोष्ट आहे. फुल्यांनी कारागिरास मास्तर होऊ नको असे सांगितले नाही, आणि मास्तरास पुन्हा सुतार हो असेही सांगितले नाही. अक्षर आणि अवजार ही दोन्ही एकाच माणसाच्या हाती असावीत, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी ती दोन वेगळी केली त्यांनी एकाला हुकूम दिला आणि दुसऱ्याला मजुरी दिली.

आता दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. काही लोक हातकामाची फार स्तुती करतात. ‘तुमची परंपरागत कला तुम्ही सोडू नका, कोष्ट्याच्या मुलाने मागावरच बसावे, कुंभाराच्या मुलाने चाकच फिरवावे,’ असा त्यांचा उपदेश असतो. त्यांची स्वतःची मुले कोठे बसतात ते मात्र पाहावे. जन्माने गळ्यात बांधलेला धंदा ही विद्या नव्हे, तो दावा आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात बलुतेदारीची पद्धत बंद केली ती ह्याचसाठी. ज्यास जो धंदा करावयाचा त्याने तो करावा. कोणी कोणाचा जन्मजात बांधील असू नये.

म्हणून पहिल्या प्रश्नास माझे उत्तर असे. ह्या वर्गात कोष्ट्याची मुलगी सुया धरील, कुणब्याचा मुलगा छापाची चौकट धरील, बौद्धाचा मुलगा आणि तेल्याची मुलगी एका भांड्यात लोकर भिजवतील. कोणीही जातीने आलेला नाही, जो तो आपल्या खुशीने आलेला आहे. खुशीने शिकलेले हातकाम हे शिक्षणच होय, आणि त्याने शाळेचे शिक्षण बुडत नाही, उलट ते पक्के होते.

हे पक्के कसे होते ते पाहा. विणकामाच्या वर्गात बाई पहिल्याच दिवशी चार इंच लांब-रुंद नमुना विणून घेतील आणि टाके मोजावयास लावतील. समजा, चार इंचांत २० टाके आले. म्हणजे इंचास ५. चोवीस इंच छातीचा स्वेटर करावयाचा तर १२० टाके हवेत. ६० पुढे, ६० मागे. आता एखाद्या मुलीचा हात सैल आहे, तिचे चार इंचांत १८ टाके येतात. तिने त्याच १२० टाक्यांनी विणले तर स्वेटर जवळजवळ पावणेसत्तावीस इंचांचा होईल, आणि भावासाठी केलेला स्वेटर बापास घालावा लागेल. ज्या मुलीला वर्गात त्रैराशिक समजत नाही, तिला ते येथे आपल्या हाताने समजेल, कारण येथे उत्तर चुकले तर गुरुजी रागावत नाहीत, लोकर वाया जाते.

लोकर घोटण्याचे काम आपल्या प्रांतास नवे नाही. सोलापूर-कोल्हापूरकडे सणगर आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार ह्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या; आणि न विणता, नुसती लोकर पिंजून, ओली करून, दाबून केलेले जेन व बुरणूसही आपल्याकडे होते. त्यामागचे कारण मुलांनी समजून घ्यावे. मेंढीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे अति बारीक खवले असतात. ऊन पाणी आणि साबण लावून लोकर चोळली, की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापसाच्या तंतूवर असे खवले नाहीत, म्हणून कापूस कितीही चोळला तरी त्याचे असे कापड होत नाही. लोकर घोटताना आकसते. म्हणून जेवढी वस्तू हवी त्याहून मोठा थर पसरावा लागतो, आणि किती मोठा, ते आधी लहान तुकडा घोटून, मापून ठरवावे लागते. आज दख्खनच्या मेंढीच्या जाड लोकरीला कित्येक ठिकाणी कातरणीचा खर्च निघण्याइतकाही भाव मिळत नाही, आणि ती तशीच टाकून दिली जाते. जी वस्तू धनगर टाकून देतो तिचे आसन, पायपुसणे, पिशवी करता आली तर त्यात धनगराचा व करणाऱ्याचा, दोघांचा लाभ आहे.

छापाचे काम त्याहून वेगळे. लाकडी चौकटीवर जाळीदार कापड ताणतात, जेथे रंग उतरावयाचा नाही तेथील भोके बुजवतात, आणि रबरी पट्टीने रंग ओढतात. जितके रंग तितक्या चौकटी. येथे हिशेब असा येतो. समजा, एक चौकट तयार करण्यास ४०० रुपये लागले. दहा पिशव्या छापल्या तर पिशवीमागे ४० रुपये चौकटीचेच झाले. दोनशे छापल्या तर २ रुपये झाले. म्हणून ज्याने दहा पिशव्यांचे काम दोनशेच्या दराने घेतले तो काम करून कर्जबाजारी होतो. त्याचा हात चांगला होता. पाटी कच्ची होती.

आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो : ह्यात पैसा किती? ह्याचे उत्तर मी देण्यापेक्षा हे नागपूर शहरच देईल. भोसल्यांच्या राज्यापासून हे विणकरांचे शहर. इतवारी, महाल, पाचपावली, तांडापेठ ह्या वस्त्यांत कोष्टी व हलबा कोष्टी ह्यांचे माग चालत. उमरेड, मोहाडी, आंधळगाव, पवनी, नागभीड ह्या गावांतून चालत. आपल्या विदर्भाची करवतकाठी साडी प्रसिद्ध आहे. ऐन व अर्जुन ह्या झाडांवर ढीवर बांधव कोशाचे किडे पाळतात; त्या कोशाचे सूत काढून ही साडी विणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. दोन काठांस दोन धोटे आणि मधल्या अंगास तिसरा, असे तीन धोटे चालतात, आणि प्रत्येक फेरीस काठाचा धागा व अंगाचा धागा एकमेकांत अडकवावा लागतो. ह्या साडीस आता भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंद मिळालेली आहे.

इतकी विद्या ज्या घरात होती ते घर श्रीमंत झाले काय? नाही झाले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी ह्या नागपुरात सुरू झाली. गिरणीचे व विलायती कापड स्वस्त पडू लागले. विलायती मालाने येथील कारागिरांची अन्नान्नदशा झाली, हे गाऱ्हाणे फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात मांडले. आपल्याकडे महार समाजातील कित्येक घरे जाडेभरडे कापड विणून पोट भरीत, त्यांचा धंदा गेला. पुढे कोणी गिरणीत गेले. आणि गिरणी तरी टिकली काय? तीही बंद पडली, आणि तिच्या जागेवर आज मोठा बाजार, ज्यास मॉल म्हणतात, तो उभा आहे. म्हणजे मागावरचा माणूस गेला आणि गिरणीतला माणूसही गेला. मागाच्या जागी यंत्रमाग आले. काही कपडे केवळ हातमागावरच विणावेत असा कायदा १९८५ साली झाला, तरी यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून विकण्याची लबाडी थांबली नाही.

हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे, असे आपण म्हणतो. लक्ष्मी फिरते खरी. पण हात फिरवणाऱ्याच्या घरी ती का थांबत नाही? माझ्या मते त्याचे मोठे कारण हे, की सूत कोणाचे, भाव कोणाचा, विक्री कोणाची, ह्या तिन्ही गोष्टी व्यापाऱ्याच्या वहीत राहिल्या आणि विणकराकडे फक्त धोटा राहिला. व्यापाऱ्याला मी शिव्या देत नाही. तो लिहितो, म्हणून त्याला माहीत असते. आपण लिहीत नाही, म्हणून आपल्याला तो सांगेल ते खरे मानावे लागते.

एक उदाहरण करून पाहू. ज्यांच्या हाती पेन्सिल आहे त्यांनी लिहून घ्यावे. सहा वारी साडी, म्हणजे २१६ इंच. एका इंचात ६० आडवे धागे घातले असे समजू. तर एका साडीत १२,९६० आडवे धागे झाले. म्हणजे इतक्या वेळा धोटा इकडून तिकडे गेला पाहिजे. पन्हा ४८ इंच धरला तर हे आडवे सूत १७,२८० वार भरते. आता सुताचा नंबर म्हणजे काय? एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तो सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्या साडीस आडव्या सुताच्या साडेवीस लड्यांहून थोडे अधिक लागले. ८० नंबरचे सूत असेल तर एका पौंडात ८० लड्या, म्हणजे पाव पौंडाहून थोडे जास्त सूत आडवे गेले. हे गणित चौथी-पाचवीच्या पलीकडचे नाही. पण ज्या विणकराच्या घरात हे गणित लिहिलेले असते, त्यास सूत किती दिले आणि किती परत मागितले ह्यात कोणी फसवू शकत नाही.

मजुरीचा हिशेब ह्याहून महत्त्वाचा. समजा, एका साडीची मजुरी १,५०० रुपये ठरली आणि माणूस तीन दिवस मागावर बसला. तो म्हणतो, मला रोज ५०० पडले. थांबा. कांड्या कोणी भरल्या? सुताला खळ कोणी लावली? तुटलेले धागे कोणी सांधले? घरच्या बाईने. ती सगळी मिळून दीड दिवस राबली असेल तर श्रम साडेचार दिवसांचा झाला, आणि रोज पडला ३३३ रुपये. हा दीड दिवस कोणत्याही वहीत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत नाही हे समजते; पण नवऱ्याच्याही हिशेबात नाही. तो म्हणतो, ‘ती थोडी मदत करते.’ २०१९-२० साली देशभर हातमागाची गणना झाली, तीत ३५ लाखांहून अधिक माणसे ह्या धंद्यात आढळली, आणि त्यांत दर दहांपैकी सातांहून जास्त स्त्रिया. दहांत सात माणसे ज्या कामात स्त्रिया आहेत, त्या कामात स्त्री ही मदतनीस कशी? धंदा तिचाच आहे. नाव मात्र दुसऱ्याचे आहे. भगिनींनो, येथे जे शिकाल त्याच्या वहीवर पहिले नाव आपले लिहा, आणि पैसे आपल्या नावाच्या खात्यात घ्या.

सरकारी मदतीविषयी दोन शब्द. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, गवंडी, शिंपी, टोपल्या व झाडू करणारे असे १८ धंदे धरले. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप ठरले. ज्याचा धंदा तीत बसतो त्याने जरूर चौकशी करावी. कोणाच्या दलालीने नव्हे, स्वतः जाऊन. त्या अठरांत विणकराचे नाव नाही, हेही लक्षात ठेवा. हातमागासाठी वेगळे खाते आणि वेगळ्या योजना आहेत, आणि नागपुरातच विणकर सेवा केंद्र आहे. राज्याचे हातमाग महामंडळही १९७१ साली नागपुरातच स्थापन झाले. हे दरवाजे आपलेच आहेत; ते ठोठावण्यास लाजू नये.

परंतु पाच दिवसांत कोणी कारागीर होत नाही. प्रमाणपत्र मिळते, हात मिळत नाही. माझ्या शाळेतला एक विणकराचा मुलगा फळ्यावरच्या अपूर्णांकाला घाबरे. पण ताण्यात एक धागा चुकला तर डोळे मिटून बोटाने सांगे. ते बोट तयार होण्यास वर्षे लागली होती. तेव्हा वर्ग संपला की विद्या संपली असे समजू नका. सहा महिने रोज एक तास, इतके तरी व्रत धरा.

आणखी एक भीती काही जाणत्या लोकांना वाटते, ती खोटी नाही. येथून जवळ वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिक्षण देण्याचा विचार महात्मा गांधींनी तेथे मांडला. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, असाही त्यात भाग होता. त्यावर तेव्हाच आक्षेप निघाले, की अशाने शाळेचा कारखाना होईल आणि गरिबाचे मूल मजूर होईल. हा आक्षेप आपण विसरू नये. हातातून डोक्याकडे जाणारी वाट खरी आहे. पण मुलाच्या हातून मालाची मागणी करू लागलो की ती वाट बंद होते. ह्याचा तोल कसा साधावा, हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखवले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिच्यातून ‘कमवा आणि शिका’ ही रीत रुजली. तेथे मुलगा कष्ट करी तो स्वतःच्या शिक्षणासाठी, आणि शिकून पुढे जाई. कष्ट हा मुक्काम नव्हता, वाट होती.

म्हणून ह्या वर्गाच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कामाचा माल विकण्यास ठेवू नये. त्यांनी चुकावे, उसवावे, पुन्हा करावे. शाळा बुडवून कोणासही येथे बसू देऊ नये. मोठ्यांच्या मालाचा हिशेब मात्र भिंतीवर उघडा लिहावा : सामान इतक्याचे, श्रम इतक्या तासांचे, किंमत इतकी. जो वर्ग हिशेब लपवतो तो शिकवीत नाही, राबवतो.

आणि शिकणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, एक वही करा. तीत रोजचे तास, सामान व तुटफूट लिहा. दुसरी, एकट्याने बाजारात जाऊ नका; पाच-दहा जणींनी मिळून लोकर व रंग घ्या, मिळूनच भाव सांगा. तिसरी, जे शिकाल ते जातीबाहेरच्या एकास तरी शिकवा. आपल्याकडे पुष्कळ विद्या घरात कोंडून मेल्या. बापाने मुलासही शेवटची खूण सांगितली नाही, आणि बाप गेला तशी खूणही गेली. विद्या दिल्याने कमी होत नाही, हे आपण विद्येविषयी म्हणतो. हातकामाविषयीही ते म्हणण्यास आजपासून शिकू.

आईबापांनी विचारले, पैसा किती? मी आकडा सांगत नाही. जो कोणी आकडा सांगून तुम्हांस बोलावील त्याच्यापासून दोन हात दूर राहा. इतके मात्र सांगतो, की नुसत्या हाताला मजुरी मिळते आणि नुसत्या पाटीला आज पुष्कळदा तीही मिळत नाही. पण ज्या हाताला स्वतःचा हिशेब लिहिता येतो, त्याला भाव ठरवण्याचा अधिकार मिळतो. आपल्या आजोबा-पणजोबांना सर्व काही येत होते, हा एक अधिकार तेवढा नव्हता. तो मिळवण्यासाठी हे वर्ग आहेत असे समजून मुलामुलींची नावे घाला. बाहेर टेबलावर वही ठेवलेली आहे. ज्यांस लिहिता येते त्यांनी आपले नाव आपल्याच हाताने लिहावे. ज्यांस येत नाही त्यांनी शेजारच्या मुलाकडून आज आपल्या नावाची अक्षरे गिरवून घ्यावीत, आणि अंगठा करू नये. हाच ह्या वर्गाचा पहिला धडा.